विंडोजचा ड्रायव्हर लावून लिनक्सवर वायफाय कार्ड चालवणं: अजून कुणी करतं का?

जुनंसोनं

मंडळी, एक जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली काढलाय. एक्सपी होतं, ते पुसून ३२ बिटी डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण) टाकलं. आवाज, स्क्रीन, टचपॅड, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं पहिल्या फटक्यात चाललं. अडलंय फक्त वायफायपाशी. नेटवर्कच्या आयकॉनवर क्लिक केलं तर वायरलेसचा उल्लेखसुद्धा नाही.

लॅपटॉपबरोबर आलेली सीडी जपून ठेवली होती. तिच्यात बीसीएमडब्ल्यूएल५ नावाची एक आयएनएफ आणि एक सिस फाइल आहे. शोधाशोध केल्यावर एनडीआयएस-रॅपर नावाचं प्रकरण सापडलं. ते वापरून म्हणे विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात मारता येतो. पण जे लेख सापडले ते सगळे २००६-०७ चे. अलीकडे कुणी केलंय का? पायऱ्या मिळतील का?

खिडकीतून

एक्सपीच ठेवायचं होतंत, सुटला असता. (हलकेच घ्या.)

कर्नलपंत

पायऱ्या नंतर. आधी कार्डाची कुंडली टाका. टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय -एनएनके ही आज्ञा द्या. (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन आणि लहान अक्षरं.) नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी दिसेल. पहिली चार कंपनीची, दुसरी चार चिपची. त्याखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे याची ओळ असेल तर तीही द्या.

खोक्यावरचं किंवा स्टिकरवरचं मॉडेल सांगू नका, त्याला अर्थ नाही. एकाच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत बनवणारे खुशाल वेगळी चिप घालतात आणि नाव तेच ठेवतात.

जुनंसोनं

हे घ्या पंत. ब्रॉडकॉम बीसीएम४३१८, कंसात १४ई४:४३१८. वापरातला ड्रायव्हर: बी४३-पीसीआय-ब्रिज. मॉड्यूल: एसएसबी.

म्हणजे ड्रायव्हर आहे? मग चालत का नाही?

टर्मिनलवाली

ड्रायव्हर आहे, फर्मवेअर नाही. पैज लावते. डीमेस्ग (सिस्टिमचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवून त्यात बी४३ शोधा. लाल अक्षरांत काहीतरी ओरडत असेल.

जुनंसोनं

पैज जिंकलीत. 'बी४३-फाय० एरर: फर्मवेअर फाइल बी४३/यूकोड५.एफडब्ल्यू नॉट फाउंड' असं आहे, आणि खाली अमुक संकेतस्थळावर जाऊन योग्य फर्मवेअर उतरवून घ्या असा सल्ला. ड्रायव्हर आणि फर्मवेअर हे दोन वेगळे असतात होय? मी इतके दिवस एकच समजत होतो.

कर्नलपंत

वेगळे, आणि तुमची सगळी गोम तिथेच आहे. ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसरवर, कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत चालतो. फर्मवेअर कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालतं. बऱ्याच वायफाय कार्डांवर ते कायमचं साठवलेलं नसतं. मशीन चालू झालं की दर वेळी ड्रायव्हर ती फाइल डिस्कवरून उचलतो आणि कार्डात भरतो. ती मिळाली नाही की कार्ड नुसता पत्रा.

तुमच्या ४३१८ साठी कर्नलमध्ये स्वतःचा ड्रायव्हर आहे, आणि तो कसा आला ते ऐकण्यासारखं आहे. ब्रॉडकॉमने कागदपत्रं द्यायला नकार दिला, तेव्हा काही मंडळींनी चक्क उलटा अभ्यास केला. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचं वर्णन लिहून काढलं. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर बघायचाच नाही, फक्त वर्णन वाचून नवा कोड लिहायचा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. त्यातून बीसीएम४३एक्सएक्स तयार झाला आणि २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलात गेला. २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ मध्ये त्याची जागा बी४३ ने घेतली. तुम्ही वाचलेले लेख या सगळ्याच्या आधीचे किंवा ऐन संक्रमणातले आहेत. तेव्हा एनडीआयएस-रॅपरला धड पर्याय नव्हता, आज तुमच्या कार्डाला त्याची गरज नाही.

फर्मवेअर मात्र ब्रॉडकॉमच्या मालकीचं. ते वाटायची परवानगी नाही, म्हणून डेबियन ते आपल्या पॅकेजात घालत नाही. फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर नावाचं पॅकेज आहे. ते कंपनीचा जुना ड्रायव्हर जालावरून उतरवतं आणि बी४३-एफडब्ल्यूकटर या हत्याराने त्यातून फर्मवेअर कापून काढतं. सोर्सेसच्या यादीत कॉन्ट्रिब विभाग चालू करा, पॅकेज टाका, मग मोडप्रोब -आर बी४३ आणि पुन्हा मोडप्रोब बी४३, म्हणजे ड्रायव्हरचं मॉड्यूल एकदा काढून पुन्हा चढवायचं.

जुनंसोनं

पण पंत, ते पॅकेज नेटवरून उतरवणार. नेट नाही म्हणून तर रडतोय!

टर्मिनलवाली

केबल लावा. केबल नसेल तर फोन यूएसबीने जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन वायफायवर असला तरी चालतं, मोबाइल डेटाच हवा असं नाही. काही सेकंदांत नवं वायर्ड कनेक्शन उगवतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

अवांतर: बरेच अँड्रॉइड फोन टेदरिंगसाठी जो आरएनडीआयएस वापरतात, तो मायक्रोसॉफ्टच्या त्याच एनडीआयएसचा यूएसबीवरचा भाऊबंद. म्हणजे धागाकर्त्यांच्या नशिबात एनडीआयएस होतंच, आडवाटेने आलं इतकंच.

आडवाटेचा

खिक्. +१

जुनंसोनं

चाललं!!! फोन जोडला, पॅकेज टाकलं, मॉड्यूल काढून घातलं आणि आयकॉनमध्ये शेजारपाजारची सगळी नेटवर्कं दिसायला लागली. पंत आणि ताई, दोघांना दंडवत.

एक शंका. फोनला घरातली दोन नेटवर्कं दिसतात, एक साधं आणि एक शेवटी ५जी असलेलं. लॅपटॉपला पहिलंच दिसतं. अजून काही टाकायचं राहिलंय का?

टर्मिनलवाली

नाही. ते कार्ड वायफायच्या बी आणि जी या जुन्या आवृत्त्यांच्या जमान्यातलं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पलीकडे त्याला ऐकूच येत नाही. ५४ मेगाबिट हा कागदावरचा वेग, हातात निम्माही आला तर आनंद माना. राउटरवर कुणी फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) लावून ठेवलं तर जुन्या कर्नलवर हे कार्ड बाहेरच उभं राहायचं, २०२० मध्ये बी४३ मध्ये ते दुरुस्त झालं.

आडवाटेचा

धागाकर्त्यांचं काम झालं, पण मूळ प्रश्न राहून गेला. हे एनडीआयएस-रॅपर आतून करतं काय? लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनसारखंच का? विंडोजचा कोड लिनक्सच्या कर्नलमध्ये चालतो हे ऐकायलाच भयंकर वाटतं. पंत, वेळ असेल तर लिहा सविस्तर.

कर्नलपंत

वेळ काढला.

विंडोजमध्ये नेटवर्क ड्रायव्हर मनाला येईल तसा कर्नलशी बोलत नाही. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी मिळून एनडीआयएस नावाची चौकट ठरवली. पॅकेट आलं तर हे फंक्शन बोलवा, मेमरी हवी तर ते, टायमर लावायचा तर अमुक. सिस फाइल उघडून पाहिली तर ती कुणाकुणाकडून काय काय उसनं घेते याची यादी आत असते: काही एनडीआयएस.सिसकडून, काही एनटीओएसकर्नलकडून, काही एचएएलकडून. पाँटस फुक्स यांनी २००३ च्या सुमारास एनडीआयएस-रॅपर सुरू केलं, पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी ते बरीच वर्षं वाढवलं. त्यांनी ही सगळी फंक्शनं लिनक्सच्या कर्नलमध्ये नव्याने लिहिली. मॉड्यूल सिस फाइल मेमरीत चढवतं, तिच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे स्वतःच्या फंक्शनचा पत्ता भरतं आणि ड्रायव्हरला सुरू कर म्हणून सांगतं. ड्रायव्हरला पत्ताच नसतो की आपण परक्या घरात आहोत. थोडक्यात मध्ये बसलेला दुभाष्या. यूएसबी कार्डांसाठी यूएसबीडीची फंक्शनंही अशीच लिहिलेली आहेत.

कल्पना वाइनच्या जवळची आहे, पण वाइन सामान्य प्रोग्रॅमसारखं चालतं आणि हे थेट कर्नलच्या पोटात.

यात इम्युलेशन अजिबात नाही. सिस फाइलमधल्या सूचना तुमचाच प्रोसेसर जशाच्या तशा चालवतो. म्हणून हे एक्स८६ आणि त्याच्या ६४ बिटी भावंडावरच शक्य आहे. रास्पबेरी पायवर होईल का असं दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं. नाही होणार, तिथला प्रोसेसर एआरएम आहे.

६४ बिटवर आणखी एक भानगड आहे. फंक्शनला आर्ग्युमेंटं द्यायची पद्धत दोन्हीकडे वेगळी. विंडोज पहिली चार आर्ग्युमेंटं आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ या रजिस्टरांत ठेवतं, लिनक्स सुरुवात करतं आरडीआय आणि आरएसआयपासून. त्यामुळे ड्रायव्हरने मारलेल्या प्रत्येक हाकेत आणि त्याला मारलेल्या प्रत्येक हाकेत मध्ये रजिस्टरांची अदलाबदल करणारा एक तुकडा बसवावा लागतो. सेकंदाला हजारो पॅकेटं, प्रत्येकामागे अशा कितीतरी हाका, आणि तरी वेग ठीकठाक मिळायचा. याचं मला आजही कौतुक वाटतं.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमवर बिल पॉल यांनी असंच केलं होतं आणि त्याला नाव दिलं प्रोजेक्ट ईव्हिल. आपण काय करतोय याची जाण असलेला माणूस! फ्रीबीएसडी १४ पासून ते काढून टाकलंय.

टर्मिनलवाली

पंतांचं कौतुक पटतंय, पण नाण्याची दुसरी बाजू मी लिहिते, नाहीतर उद्या कुणीतरी हा धागा वाचून नव्या लॅपटॉपवर ते टाकायला जाईल.

पहिलं म्हणजे परका बंद कोड कर्नलमध्ये. तो कोसळला की वायफाय नाही, अख्खं मशीन गोठतं. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय आणि माऊस मेलाय, हे दृश्य त्या काळात ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. स्टॅकचं दुखणं तर प्रसिद्ध होतं. ३२ बिटी विंडोज कर्नलमध्ये थ्रेडला १२ किलोबाइट स्टॅक (कामापुरती मेमरी) देतं, ड्रायव्हर लिहिणारे तेवढा गृहीत धरायचे. लिनक्समध्ये ८ होता, आणि काही वितरणांनी तर तो ४ वर आणला. मग काय, मोठी फाइल उतरवायला घेतली की मशीन आडवं. त्यावर १६ किलोबाइटचे पॅच फिरायचे.

दुसरं म्हणजे कर्नलवाल्यांनी याला कधी आपलं मानलं नाही. एनडीआयएस-रॅपर स्वतः जीपीएल, म्हणजे खुल्या परवान्याखालचं आहे, पण पोटात बंद ड्रायव्हर घेऊन फिरतं. म्हणून कर्नलच्या मॉड्यूल चढवणाऱ्या कोडात चक्क त्याचं नाव घेऊन तपासणी घातली होती: मॉड्यूलचं नाव हे असेल तर कर्नल कलंकित असा शिक्का मारा. लिनक्सअँटचा ड्रायव्हरलोडर म्हणून विकत मिळणारा असाच प्रकार होता, त्याचंही नाव तिथेच. एकदा शिक्का बसला की तुमची बगची तक्रार कुणी उघडूनसुद्धा बघत नाही.

आणि तिसरं, ज्यावर आजचा निकाल लागतो. त्याला कळतं ते एनडीआयएस ५. व्हिस्टापासून एनडीआयएस ६ आलं, त्याची चौकट वेगळी. विंडोज १० चा ड्रायव्हर दिलात तर न कळणारी नावं छापून थांबेल. म्हणजे एक्सपीचा ड्रायव्हर असलेलं कार्डच हवं.

आडवाटेचा

दोघांचंही पटलं. तरी एक म्हणतो, त्या चार-पाच वर्षांत जी माणसं लिनक्सवर टिकली, त्यांतली कितीतरी याच्या जिवावर टिकली. वायफाय नसलेल्या लॅपटॉपवर कोण थांबलं असतं? आणि वापरणारे टिकले म्हणून पुढे कंपन्यांवर दबाव आला.

कर्नलपंत

अर्धं सहमत. दुसरी बाजू अशी की विंडोजचा ड्रायव्हर कसाबसा चालतोय म्हटल्यावर कंपन्यांना खरा ड्रायव्हर द्यायची घाई उरली नाही. हा वाद तेव्हाही मिटला नव्हता, इथेही मिटणार नाही. माझ्या मते ज्यांनी रात्री जागून खरे ड्रायव्हर लिहिले त्यांचं ऋण मोठं. बी४३ आणि नंतर रिअलटेकच्या ढीगभर चिपा सांभाळणारे लॅरी फिंगर जून २०२४ मध्ये गेले. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं वायफाय त्यांच्या कोडवर चालतं आणि नावही माहीत नसतं.

डोंगलग्रस्त

मध्येच घुसतोय, माफी. माझ्याकडे यूएसबी डोंगल आहे. लिनक्सला लावलं की वायफाय न दिसता एक सीडी दिसते आणि त्या सीडीत विंडोजचं सेटअप! म्हणजे ड्रायव्हर डोंगलमध्येच आहे. तो एनडीआयएस-रॅपरला दिला तर? एलएसयूएसबीमध्ये (यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) ०बीडीए:१ए२बी दिसतं.

टर्मिनलवाली

देऊ नका. तुमचं डोंगल खोटं बोलतंय. विंडोजवाल्यांना सीडी शोधावी लागू नये म्हणून ते आधी सीडी असल्याचं सोंग घेतं, आणि ड्रायव्हर बसला की तो त्याला खऱ्या रूपात आणतो. लिनक्सवर हे काम यूएसबी-मोडस्विच करतं. पॅकेज टाका, मग: यूएसबी_मोडस्विच -केडब्ल्यू -व्ही ०बीडीए -पी १ए२बी. (-व्ही आणि -पी ही अक्षरं लहान, -केडब्ल्यू मात्र मोठी.) नंतर पुन्हा एलएसयूएसबी बघा, आकडा बदलला पाहिजे. आणि कर्नल कुठला ते सांगा, यूनेम -आर.

डोंगलग्रस्त

बदलला! आता ०बीडीए:सी८११ दिसतंय. सीडी गायब. पण वायफाय अजून नाही. कर्नल ६.१, डेबियन १२.

कर्नलपंत

एका पायरीने हुकलात. ही चिप आरटीएल८८११सीयू, म्हणजे ८८२१सीयूच्या घरातली. आरटीडब्ल्यू८८ या कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये यूएसबीची सोय ६.२ पासून आली, २०२३ मध्ये. बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नव्या पॅकेजांचं भांडार) नवा कर्नल घ्या, फर्मवेअर-रिअलटेक पॅकेज असू द्या, आणि मशीन पुन्हा चालू करा. कुठून तरी सोर्स उतरवून मॉड्यूल बांधायच्या फंदात पडू नका, कर्नल बदलला की ते पुन्हा बसतं रडत. ८८१२एयूवाल्यांनीही ऐका, तुमची चिपही आता नव्या कर्नलांत आत आली आहे.

डोंगलग्रस्त

जमलं. फक्त रीबूट केलं की पुन्हा सीडी होते.

टर्मिनलवाली

यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणारी यंत्रणा) एक नियम लिहा: हा आयडी दिसला की वरची आज्ञा चालव. /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये एक ओळीची फाइल पुरते. आता वेगळा धागा काढा बरं, इथे धागाकर्त्यांचं लग्न लागून वऱ्हाड परतलंसुद्धा.

पीसीआयवाला

परतू नका, मी आहे अजून! इतका वेळ नुसता वाचत होतो. माझ्याकडे डेस्कटॉपमध्ये जुनं पीसीआय कार्ड आहे. मार्व्हेल, ११एबी:१एफएए. 'वापरातला ड्रायव्हर' ही ओळच येत नाही, मॉड्यूलचीही नाही. वर्कशॉपमधलं मशीन आहे, तिथपर्यंत केबल नेणं अवघड. पंत, आता हेही म्हणा की नवा कर्नल घ्या.

कर्नलपंत

नाही म्हणत. ही चिप ८८डब्ल्यू८३३५. तिला लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ड्रायव्हर कधी मिळालाच नाही. एमडब्ल्यूएल८के आहे, तो मार्व्हेलच्याच पण दुसऱ्या चिपांचा, त्याच्या नादी लागू नका. ओपनबीएसडीवर मालो नावाचा ड्रायव्हर आहे, पण वायफायसाठी कुणी ऑपरेटिंग सिस्टिम बदलत नाही. (बदलणारे भेटलेत, तो विषय वेगळा.)

म्हणजे या धाग्यात पहिल्यांदाच एनडीआयएस-रॅपरचं खरं गिऱ्हाईक आलं. करायचंच असेल तर असं करा.

एक्सपीचा ड्रायव्हर शोधा. ईएक्सई असेल तर ती चालवायची नाही, फोडायची. कॅबएक्स्ट्रॅक्ट किंवा अनशील्डने बहुतेक उघडतात, काही तर साध्या अनझिपनेही. आत आयएनएफ फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि व्हीईएन_११एबी, डीईव्ही_१एफएए ही ओळ शोधा. ती असेल तरच ती फाइल तुमच्या कार्डाची. चिप तीच पण बनवणारा दुसरा असला तरी चालतं, ओळ महत्त्वाची. आयएनएफ आणि सिस एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

मग कर्नलचे हेडर, बिल्ड-इसेन्शियल आणि एनडीआयएस-रॅपर. तुमच्या वितरणाच्या भांडारात डीकेएमएसवालं (कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं) पॅकेज असेल तर तेच घ्या, नसेल तर सोर्सवरून बांधा. पुढे एनडीआयएसरॅपर -आय आणि आयएनएफचं नाव, मग -एल. 'ड्रायव्हर इन्स्टॉल्ड' आणि त्याखाली 'डिव्हाइस प्रेझेंट' अशा दोन्ही ओळी आल्या पाहिजेत. पहिलीच आली तर आयएनएफ चुकीची. दोन्ही आल्या की मोडप्रोब एनडीआयएसरॅपर, आणि लगेच डीमेस्ग.

पीसीआयवाला

-एलपर्यंत दोन्ही ओळी आल्या. मोडप्रोबनंतर डीमेस्ग म्हणतं: 'कर्नल इज ६४-बिट, बट विंडोज ड्रायव्हर इज नॉट ६४-बिट, बॅड मॅजिक: ०१०बी'. आता ही कुठली जादू?

टर्मिनलवाली

विंडोजच्या प्रत्येक चालणाऱ्या फाइलच्या हेडरमध्ये दोन बाइटचा एक आकडा असतो, त्याला मॅजिक म्हणतात. ०१०बी म्हणजे ३२ बिटी, ०२०बी म्हणजे ६४ बिटी. तुमचा कर्नल ६४, ड्रायव्हर ३२. इथे मध्यममार्ग नाही, कर्नलच्या आत दोन्ही एकाच जातीचे लागतात. सिस फाइलवर फाइल ही आज्ञा चालवली तर आधीच कळतं: पीई३२ की पीई३२+. ड्रायव्हरच्या पॅकेजात एएमडी६४ किंवा एक्स६४ नावाचं फोल्डर आहे का बघा.

एक्सपीची ६४ बिटी आवृत्ती २००५ मध्ये आली खरी, पण ती वापरणारे थोडे, म्हणून तिचे ड्रायव्हर करणारेही थोडे.

पीसीआयवाला

नाही हो, तसलं फोल्डर नाही. तीन बनवणाऱ्यांची पॅकेजं फोडून पाहिली. ३२ बिटी डेबियन टाकू का? मशीनवर फक्त मापांची पत्रकं आणि मॅन्युअलच्या पीडीएफ उघडायच्या असतात.

कर्नलपंत

मग टाका, पण १२ च. १३ पासून डेबियनने ३२ बिटी पीसीचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद केलेत. आणि कर्नलची आत्ताची आवृत्ती चालली की ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या यादीत) ती नोंद राहू द्या. कर्नलच्या आतल्या फंक्शनांची नावं-आर्ग्युमेंटं बदलत राहतात, पुढच्या अपडेटला डीकेएमएसचं बांधकाम कोसळलं तर परतायला जागा हवी.

खिडकीतून

एवढ्या खटपटीपेक्षा नवं डोंगल नाही का परवडत?

टर्मिनलवाली

खिडकीबाई पहिल्यांदाच कामाचं बोलल्या. परवडत असेल तर तेच करा. घेताना खोक्यावरचं नाव नको, चिप विचारा. एआर९२७१ असेल तर एटीएच९के-एचटीसी, एमटी७६१२यू असेल तर एमटी७६, दोन्ही कर्नलमध्ये वर्षानुवर्षं आहेत. एमटी७९२१यू ५.१८ पासून. लावलं की चाललं.

पीसीआयवाला

डोंगल घेईनच पुढेमागे, पण आता इरेला पेटलोय. ३२ बिटी टाकलं. डीमेस्ग बघा: 'डब्ल्यूलॅन०: इथरनेट डिव्हाइस … यूझिंग एनडीआयएस ड्रायव्हर', पुढे एनडीआयएस आवृत्ती ०एक्स५०१, आणि खाली चालणाऱ्या एन्क्रिप्शनची यादी, तिच्यात डब्ल्यूपीए२ आणि एईएस आहे!! नेटवर्क मॅनेजरमध्ये जोडलंही गेलं.

पण आयडब्ल्यू डेव्ह (वायफाय कार्डं दाखवणारी आज्ञा) केलं तर काहीच दिसत नाही. आणि मॉनिटर मोड (आसपासची सगळी पॅकेटं ऐकायची सोय) लागत नाही.

कर्नलपंत

अभिनंदन. आयडब्ल्यू नव्या पद्धतीने विचारतं, एनडीआयएस-रॅपरला जुनं वायरलेस एक्स्टेन्शन्सच कळतं. आयडब्ल्यूकॉन्फिग वापरा, त्यात दिसेल. मॉनिटर मोड विसरा, ती सोयच नाही, आणि या कार्डाला अ‍ॅक्सेस पॉइंटही करता येणार नाही. नुसतं जोडायचं, बस.

आता एनडीआयएसरॅपर -एम द्या, आणि /ईटीसी/मॉड्यूल्समध्ये नाव घाला, म्हणजे बूट होताना आपोआप चढेल. हे वाचणाऱ्या ब्रॉडकॉमवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमच्याकडे आधी एसएसबी आणि बी४३ ब्लॅकलिस्ट करावे लागतात, नाहीतर ते कार्ड आधीच बळकावतात. मार्व्हेलला तो त्रास नाही, त्याला कुणी वालीच नाही.

आणि त्या ड्रायव्हरची दुरुस्ती आता कुणी करणार नाही. एक्सपीचाच आधार एप्रिल २०१४ ला संपला. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असेल तर या मशीनला त्यावर ठेवा.

पीसीआयवाला

ठेवलं. शेवटचं एक. मशीन झोपवून उठवलं की वायफाय मेलेलं असतं, आणि एकदा तर मशीनच उठलं नाही.

टर्मिनलवाली

झोपायच्या आधी मॉड्यूल काढायचं, उठल्यावर घालायचं. /लिब/सिस्टिमडी/सिस्टिम-स्लीप मध्ये एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा. तिला पहिलं आर्ग्युमेंट प्री आलं तर मोडप्रोब -आर एनडीआयएसरॅपर, पोस्ट आलं तर मोडप्रोब एनडीआयएसरॅपर. स्क्रिप्टला चालवायची परवानगी द्यायला विसरू नका, सीएचमॉड +एक्स. एवढ्याने भागलं नाही तर सस्पेंड बंदच करा, वर्कशॉपमधल्या डेस्कटॉपला काय झोप लागते.

पीसीआयवाला

स्क्रिप्टने भागलं. चारदा झोपवलं, चारदा उठलं.

डोंगलग्रस्त

यूडेव्हचा नियमही चालला बरं का. नवा धागा काढत नाही.